कोमट

"कोमट तर हाय," शालू म्हणाली, आणि सोनाजी खाली पडलेल्या वस्तूकडे बघायचं सोडून तिच्या तोंडाकडे बघत राहिला. घडलं होतं ते एवढंच. जेवणं उरकली होती, शालू खरकटी भांडी घेऊन अंगणात बसली होती, आणि घासायला राख हवी म्हणून पत्र्याच्या शेडमधल्या पिंपाकडे गेली होती. राख तिथं कायम असायची. हळद शिजवायचे दिवस आले की चुलवणांवरची राख सोनाजी पोत्यानं आणून ठेवायचा, ती त्याच्या कामाला लागायची आणि शालूच्या भांड्यांनाही. आज तिनं राखेत हात घातला तर काहीतरी टणक लागलं. तिनं ते उपसून काढलं, डाव्या हातानं खालून पदराचा बोळा लावला, उजव्या हातानं काठ धरला आणि ओसरीवर बाजेवर टेकलेल्या नवऱ्यापुढं आणून धरलं. "हे काय पुरून ठेवलं वो राखंत? भांडी घासावं का न्हाई मानसानं?" बायको काही देते तेव्हा नवरा विचार करून घेत नाही. सोनाजीनं दोन्ही हात पुढं केले, आणि पुढच्या क्षणी त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो शेजारच्या गल्लीत ऐकू गेला असेल. हातातली ती वस्तू शहाबादी फरशीवर आदळली. तिच्यातून एक कोरडा, बारीक आवाज आला. तो आवाज काय असतो हे सोनाजीला माहीत होतं.

पहिला राग आला तो बेलीपायीच, हे खरं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधे बसणारं ते अल्युमिनियमचं पसरट भांडं. गॅरेजवाले त्याला बेल म्हणतात. प्रेमदास नावाच्या गिऱ्हाइकाची जीप पेट्रोलची होती आणि त्याला तिच्यात डिझेलचं इंजिन बसवून हवं होतं. एकाचं तोंड दुसऱ्याला जुळत नव्हतं. म्हणून सोनाजीनं दोन वेगवेगळ्या गाड्यांच्या बेली भंगारातून आणल्या, दोन्ही मधोमध कापल्या, एकीचा इंजिनाकडचा अर्धा भाग घेतला, दुसरीचा गिअरबॉक्सकडचा, आणि रजा टाकून सकाळपासून बसून दोन्ही एकमेकांना जोडले. बघणाऱ्याला वाटावं ती जन्मापासून तशीच आहे, असा सांधा बसला होता. तो हळूहळू निवायला पाहिजे, म्हणून राखेत पुरला होता. आता नव्या सांध्याच्या कडेनं केसाएवढी रेघ उमटली होती. "आगं, कळतं का तुला काही," असं तो ओरडणार होता. तेवढ्यात शालू हातातलं सोडून धावली, रांजणातलं पाणी आणलं, त्याचे तळवे पातेल्यात बुडवले, कोरफडीचं पान तोडून चिरलं. "अगं माय, किती भाजलं! एवढं कुठं तापलं व्हतं? कोमट तर हाय," असं पुन्हा म्हणाली. ती गर त्याच्या तळव्याला चोळत होती आणि सोनाजी तिच्या उजव्या पंजाकडे बघत होता. बोटांच्या मुळाशी, जिथं बेलीचा काठ टेकला होता, तिथली कातडी पांढरी पडून चमकत होती. त्याच हातानं ती त्याची आग शमवत होती.

राग गेला. त्याच्या जागी जे आलं त्याला सोनाजीकडे नाव नव्हतं, किंवा नाव होतं आणि ते त्याला उच्चारायचं नव्हतं.

हिंगोलीचा जिल्हा होऊन वर्ष व्हायचं होतं. गावात नवी ऑफिसं, नवे साहेब, नव्या पाट्या येत होत्या, आणि सोनाजी एस.टी. डेपोच्या वर्कशॉपमध्ये होता तिथंच होता. डेपोतलं काम लोखंडाचं, पोटापाण्याचं. घरी आल्यावर शेडमधलं काम अल्युमिनियमचं, आणि ते मनाचं. भांड्याच्या बाजारात बायका ज्याला जर्मन म्हणतात तोच हा धातू, पण इंजिनातला. तरुणपणी तो नांदेडला एका उस्तादाकडे राहिला होता. हा म्हातारा लोखंडाला मान द्यायचा आणि अल्युमिनियमला भ्यायचा. "लोहा लाल हो को बताता मियाँ," तो म्हणायचा, "ये कुछ बताताच नै. तुम देखते रैते, अन् ये अचानक बैठ जाता." तसंच होतं ते. लोखंड तापलं की आधी काळसर, मग तांबडं, मग पिवळं होतं, माणसाला सावध करतं. अल्युमिनियम गार असताना दिसतं तसंच पाघळायच्या घटकेलाही दिसतं. रंग बदलत नाही, धूर नाही, कुरकुर नाही. म्हणून उस्ताद त्याच्यावर अंगाच्या साबणाची रेघ ओढायला शिकवायचा. रेघ काळी पडली की समजायचं, आता ज्योत लावा, आता सांधा भरायचा गज लावा. सोनाजीनं हे काम पंधरा वर्षं केलं. ज्योतीचा गॅस देणाऱ्या कार्बाईडच्या टाकीचा तो कुबट वास त्याच्या सदऱ्यातून जात नसे. शालू नाक मुरडायची, "आलं बाई माजं गॅरेज," म्हणायची, आणि सदरा वेगळा भिजवायची. त्याला वाटायचं, जी वस्तू काही सांगत नाही तिचं ऐकायला आपण शिकलो. डेपोत चार लोकांत तो तसं म्हणायचाही. त्या दुपारी ओसरीवर बसल्या बसल्या त्याला आपल्या त्या बोलण्याची शिसारी आली.

कारण शालूच्या हाताचं कौतुक त्यानंच तर केलं होतं. त्याच्या आईनं आधी, मग त्यानं. लग्नानंतर काही वर्षांनी शालू तव्यावरची भाकरी चिमट्याशिवाय उलथायला लागली, निखाऱ्यावरची उचलायला लागली, उकळत्या दुधाचं पातेलं फडक्यावाचून उतरवायला लागली. आई आल्यागेल्याला सांगायची, "आमच्या सुनंचा हात चुलीला भेत न्हाई." सोनाजीनं डेपोतल्या एका जेवणावळीत शालूच्या भाकरी वाढताना छाती फुगवून सांगितलं होतं की माझ्या घरात चिमटा नाही, लागतच नाही. सगळे हसले होते, एकजण म्हणाला होता की अशी बायको गॅरेजला ठेवून घे. घरात एक गुण आला म्हणून सगळ्यांनी आनंद केला, आणि तो कुठून आला हे कुणी विचारलं नाही. आता एकेक आठवायला लागलं. बांगडी फुटून मनगटात रुतलेली आणि हिला संध्याकाळी रक्त बघून कळलेलं. नरसीच्या यात्रेत हिच्या एका पायातली चप्पल गर्दीत निसटली आणि ही थेट स्टँडपर्यंत एक पाय अनवाणी चालत आली. लेकीनं, पुनमनं, खाली बोट दाखवलं तेव्हा सगळे पोट धरून हसले, शालू सगळ्यांत जास्त हसली. आणि पुनमची वेणी. वर्ष होऊन गेलं असेल, शालूनं लेकीची वेणी घालायचं बंद केलं होतं. "मोठी झालीस, घाल आता तुझी तू," म्हणाली होती. तेव्हा सोनाजीला ते शिस्तीचं वाटलं होतं. त्यानं आता नजर वळवली. शालू भांडी घासत होती, तळहातावर फोड उठायला लागला होता आणि ती राखेनं जोरात घासत होती.

रगतपिती, महारोग. नाव शेवटी आलंच. ते आलं की केवळा आत्या येणार, हे ठरलेलं. सोनाजीच्या वडिलांची, पुंजाजींची ती धाकटी बहीण. नवऱ्यानं आणून सोडली तेव्हा तिचा चेहरा चांगला होता, फक्त कानाच्या पाळ्या जाडसर झाल्या होत्या आणि डाव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती. काही दिवस ती घरात राहिली. मग ओसरीत. मग गुरांच्या गोठ्याच्या कडेला. मग ओढ्यापलीकडे कापसाच्या पळाट्यांचं एक खोपट झालं, आणि आत्या तिकडची झाली. घरात सगळी भांडी पितळेची होती. तिच्यासाठी मुद्दाम बाजारातून जर्मनचं ताट आलं, म्हणजे घरातल्या भांड्यांत ते मिसळणार नाही. सोनाजी लहान होता, वडिलांबरोबर भाकरी घेऊन ओढ्यापर्यंत जायचा. वडील ताटात भाकरी ठेवायचे आणि बाभळीच्या काठीनं ते ताट पुढं सरकवायचे. ताट दगडावरून जाताना खरखर वाजायचं. वडील वाईट नव्हते. परत येताना ते उपरण्यानं डोळे पुसायचे, आणि दुसऱ्या दिवशी तीच काठी घेऊन निघायचे. एका सकाळी खोपट रिकामं होतं. आत्या कुठं गेली ते कळलं नाही, फारसं कुणी शोधलंही नाही. ताट तेवढं दारात होतं, स्वच्छ घासलेलं, पालथं घातलेलं. सोनाजीला आत्याचा चेहरा आता धड आठवत नव्हता, ते पालथं ताट मात्र दिसायचं. लग्नाच्या पहिल्या वर्षी, एकमेकांना सगळं सांगून टाकायची हौस असते त्या दिवसांत, त्यानं हे शालूला सांगितलं होतं. तिनं काय म्हटलं होतं, ते काही केल्या आठवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लवकर उठला आणि स्वतःच चहा ठेवला. शालू चूळ भरून आली, म्हणाली, "आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा?" तळहाताला तिनं चिंधी गुंडाळली होती. "काय तरी चावलं वाटतं, हा एवढा फोड आलाय," ती म्हणाली. सोनाजीनं उकळता चहा स्टीलच्या पेल्यात काठोकाठ ओतला, तो फडक्यात धरला आणि तिच्यापुढं केला. आपण काय करतोय हे त्याला नीट माहीत होतं. साबणाची रेघच ओढत होता तो. शालूनं उघड्या बोटांनी पेला घेतला. घेतला आणि हातात धरून बसली, नवऱ्यानं चहा केला याच्या आनंदात बोलत राहिली. पुनमला नवीन दप्तर पाहिजे, शेजारणीच्या सुनेला दिवस गेले, पाणी एक दिवसाआड येऊन राहिलं. पेल्यातून वाफ निघत होती. बोटं पेल्यालाच होती. ओठाला लावल्यावर मात्र ती दचकली आणि पेला खाली ठेवला. "केवढा कढत केला हो!" ती हसून म्हणाली. सोनाजी उठून शेडमध्ये गेला आणि कार्बाईडच्या टाकीला टेकून उभा राहिला. लाज वाटली त्याला. आपण बायकोला विचारलं नाही, तिची परीक्षा घेतली. आणि त्याहून वाईट हे की परीक्षेचा निकाल लागल्यावर आपण तिच्यापासून उठून लांब आलो.

लांब येणं सुरू झालं ते थांबेना. डब्यातली भाकरी त्यानं डेपोत उघडली तेव्हा तिच्यावर शालूच्या बोटांचे ठसे होते. थापलेल्या भाकरीवर ते असतातच, सगळ्या बायकांचे असतात. त्यानं तुकडा मोडला, तोंडाशी नेला आणि परत ठेवला. मन म्हणत होतं, चौदा वर्षं खातोस तू या भाकरी. हात ऐकत नव्हता. त्यानं डबा तसाच बंद केला, कँटीनमध्ये वडापाव खाल्ला, आणि येताना भाकरी स्टँडामागच्या गाईला घातल्या. घरी येऊन पोट बिघडलंय म्हणाला. तसंच पुढच्या दिवशी. रात्री झोपताना बाज ओसरीत ओढली, गरमी होतेय म्हणून. फाल्गुन नुकता लागला होता, गरमी कसली. शालूनं उशी आणून दिली, ती हातात दिली नाही, बाजेच्या कडेला ठेवली. ते सोनाजीला दिसलं, आणि दिसूनही त्याला बरंच वाटलं. नंतर कितीतरी वेळ त्याला बाभळीच्या काठीची ती खरखर ऐकू येत राहिली. वडिलांनाही पहिल्या दिवशी काठी घ्यावी लागली नसेल. पहिल्या दिवशी त्यांनी फक्त ओसरी दाखवली असेल.

प्रेमदास आला तो त्याच्या पुढच्या दिवशी, सुट्टीच्या वारी. सिद्धेश्वरच्या धरणाकडल्या तांड्यावरचा हा गडी, हसरा, बोलका. जीप तयार झाली की औंढ्याहून हिंगोलीला भाड्यानं शिटा मारायच्या असा त्याचा बेत होता, आणि तो तांड्यावर सगळ्यांना सांगून बसला होता. चिरलेली बेल त्यानं हातात घेऊन बघितली. "च्यामारी," तो म्हणाला, "हे कसं झालं सोनाजीभाऊ?" सोनाजीनं सांगायचं टाळलं असतं, पण त्याच्या तळव्यांवरच्या पट्ट्या समोरच होत्या. त्यानं तुटक तुटक सांगितलं. राखेतून काढलं, हातात दिलं, कढत होतं, सुटलं. प्रेमदास ऐकत होता, ऐकता ऐकता त्याचं हसू कमी झालं. तेवढ्यात शालू पाण्याचा तांब्या ठेवून गेली. प्रेमदासनं तिच्या चिंधीकडे बघितलं, चिंधीबाहेरच्या करंगळीकडे बघितलं, ती आत जाईस्तोवर थांबला.

"वैनीला लागलं न्हाई?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

"कामाचा हात हाय. बायकांला सवय राहते."

"सवय न्हाई भाऊ. वाईट वाटून घेऊ नका. माझ्या याडीचा, आईचा, हात असाच व्हता. चुलीतून निखारा उचलायची, आमी मोठी बाई म्हणायचो तिला. मंग तांड्यावर दवाखान्याचे लोक आले, कापूस लावून लावून बघितलं. गोळ्या दिल्या वर्षभर, फुकट. आज माझ्या घरातच हाय ती, नातवंडं तिच्याच ताटात जेवतात."

"काय बी बोलून राहिला प्रेमदास," सोनाजी इतक्या जोरात बोलला की झाडावरचे कावळे उडाले. "माझ्या घरात तसं काय न्हाई. तू तुझ्या जीपचं बघ."

प्रेमदास उठला. बेल त्यानं हळूच राखेच्या पिंपावर ठेवली. "जीपचं कवाबी व्हईल," तो म्हणाला. "जीप काय पळून चालली? वैनीचं बघा." आणि तो रागावल्यावाचून निघून गेला. हेच सोनाजीला सहन झालं नाही. भांडला असता तर बरं झालं असतं.

तो घरात आला तो भांडायच्याच तयारीनं. प्रेमदासशी नाही तर कुणाशीतरी. पुनम मैत्रिणीकडे गेली होती. शालू चुलीपाशी जेवायला बसली होती, एकटी, पाठमोरी. रोज ती त्याच्यासाठी थांबायची. पाठीवरून डोकावून बघितलं आणि त्याचे पाय जागीच थांबले. तिच्यापुढं जर्मनचं ताट होतं. माळ्यावर कोंड्याच्या डब्यावर झाकण म्हणून टाकलेलं, पोचे पडलेलं जुनं ताट, राखेनं घासून लख्ख केलेलं. घरातली स्टीलची ताटं फळीवर उभी होती.

"हे ताट काहून काढलं?" त्यानं विचारलं. आवाज त्याचाच होता का, त्याला कळलं नाही.

"राहू द्या," शालू वळून न बघता म्हणाली. "वेगळं असलेलं बरं."

"कुणी सांगितलं तुला वेगळं?"

"सांगायला कशाला पाहिजे? तुमी माझ्या हातची भाकर खाऊन न्हाई राहिले. डब्याला भाकरीचा कण ऱ्हात न्हाई, अन् तुमच्या सदऱ्याला वडापावचा वास येते. बाज भाईर नेली. मला दिसत न्हाई व्हय? हाताला कळत न्हाई माझ्या. डोळ्याला कळते."

सोनाजी तिच्या मागंच खाली बसला. "तुला ठाव व्हतं?"

"तुमी कळमनुरीला बदलीवर जाऊन-येऊन करत व्हते तवापासून. दंडावर चट्टा आला आधी, फिक्कट. मंग करंगळी. म्हणलं जाईल. न्हाई गेला."

"मंग सांगितलं काहून न्हाई मला?"

आता ती वळली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, हेच त्याला पुढं वर्षानुवर्षं आठवत राहिलं. "कुणाला सांगू?" ती म्हणाली. "तुमीच सांगितलं व्हतं मला आत्याचं. ताट काठीनं सरकवायचे म्हणले. तवाच मी मनात म्हणलं, या घरात असं काय झालं तर बोलायचं न्हाई. बोललं की वढा वलांडावा लागते."

चुलीवर वरण खदखदत होतं. चट्टा आला तेव्हा ती त्याला उठवून दाखवू शकली असती, इतकं जवळ ती झोपत होती. तेव्हाच दाखवलं असतं तर हात हातच राहिला असता. पण त्यानं आपल्या घराची ती गोष्ट तिला सांगितली होती, आणि तिनं ती बरोबर ऐकली होती, तो सांगत होता त्यापेक्षाही बरोबर. त्याला रडू आलं. आत्यासाठी आलं, आणि वडिलांसाठी, आणि सगळ्यांत जास्त या बाईसाठी, जी त्याच्या शेजारी इतकी वर्षं मुकाट तापत होती आणि त्याला रंग दिसला नव्हता म्हणून त्यानं ती गार आहे असं धरून चाललं होतं. तो पुढं सरकला. तिच्या ताटातली भाकरी मोडली, तिच्याच कोरड्यासात बुडवली आणि खाल्ली. घास घशाखाली उतरायला वेळ लागला. हे खोटं नाही, आणि तिनंही ते बघितलं. त्यानं दुसरा घास घेतला. तो जरा सोपा गेला. "उद्या दवाखान्यात जाऊ," तो म्हणाला. शालूनं ताट थोडं त्याच्याकडे सरकवलं, हातानं.

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं शालूला डोळे मिटायला सांगितले आणि कापसाची बारीक वात हाताला लावत गेली. "कळलं की बोट ठेवा," म्हणाली. शालू कान टवकारून बसली होती, जणू कापूस ऐकू येणार होता. वात दंडावर लागली तिथं तिनं बरोबर बोट ठेवलं. कोपराच्या खाली आल्यावर बोट हलेना. वात करंगळीवर, तळव्यावर, फोडाच्या कडेला फिरली, आणि शालू मिटल्या डोळ्यांनी वाट बघत राहिली. सोनाजीनं मान खाली घातली. डॉक्टरीण मराठी शिकून आल्यासारखं स्वच्छ बोलत होती: कुष्ठरोग आहे, बरा होतो, गोळ्या सुरू केल्या की दुसऱ्याला लागायची भीती राहत नाही, वेगळं राहायचं नाही, वेगळं ताट नाही, घरातल्या सगळ्यांनी एकदा तपासून घ्यायचं. पहिल्या गोळ्या तिनं समोरच गिळायला लावल्या. "आन् हात?" शालूनं विचारलं. "येईल का वापस?" डॉक्टरणीनं तिचा हात हातात घेतला. "रोग जाईल. गेलेली जाणीव परत येईलच असं नाही सांगता येत. आता हाताचं काम डोळ्यांनी करायचं. गरम वस्तू बघून उचलायची." सोनाजीच्या तोंडून निघून गेलं, "बाई, काही काही वस्तू बघून कळत न्हाईत." डॉक्टरीण म्हणाली, "मग विचारून उचलायची."

घरी येऊन तो थेट चुलीपाशी गेला आणि त्यानं ते जर्मनचं ताट उचललं. शालू शेडच्या दारात उभी राहिली. सोनाजीनं विटांवर मूस ठेवली, तीत भंगारातले जुने पिस्टन आधीच पाघळवले, कारण नुसत्या भांड्याच्या जर्मनचा गज मऊ होतो, इंजिनाच्या कामाला टिकत नाही, हे रडल्यानं काही बदलत नाही. मग पक्कडीत ताट धरून त्यानं ज्योत लावली. ताट तसंच दिसत होतं. पोचे, घासल्याच्या रेघा, काठावरची नक्षी, सगळं जसंच्या तसं, रंगसुद्धा तोच. शालू म्हणाली, "काही व्हईनाच की." आणि ती म्हणेस्तोवर काठ खचला, मधला भाग सुरकुतला आणि सगळं ताट एकदम मुशीत बसलं. वर राखाडी साय धरली. शालूनं तोंडाला पदर लावला. ओढ्यापलीकडच्या त्या खोपटाच्या दारातलं ताट हे नव्हतं, सोनाजीला माहीत होतं. तरी त्याला वाटलं की आज कुणीतरी ते पालथं पडलेलं उचललं. त्यानं रस लोखंडाच्या पन्हाळीत ओतून गज पाडले, बेलीची चीर कानशीनं उघडी केली, साबणाची रेघ ओढली, ती काळी पडायची वाट बघितली आणि त्याच गजांनी सांधा पुन्हा भरला. तळव्यांची नवी कातडी आगीसमोर हुळहुळत होती. काम उतरलं तेव्हा उन्हं कलली होती. त्यानं बेल राखेत पुरली आणि हात धुतले.

प्रेमदासला निरोप गेला होता. शालू भांड्यांची टोपली घेऊन अंगणात आली, राखेच्या पिंपापाशी गेली आणि वाकता वाकता थांबली. तिचा उजवा हात राखेच्या वर तसाच राहिला.

"आवो," तिनं हाक मारली, "निवलं का वो हे?"

राखेकडे बघून काही कळण्यासारखं नव्हतं. सोनाजी आला. पिंपाच्या या बाजूला उकिडवा बसला, भाजलेल्या हाताची पट्टी सोडली आणि मनगटापर्यंत हात राखेत घातला. आत, खोल, आच होती.

"न्हाई अजून," तो म्हणाला. "थांब."

शालू टोपली खाली ठेवून त्याच्याशेजारी बसली. भांडी तशीच पडली होती आणि पुनमच्या वेणीची रिबीन सुटली म्हणून ती आईला हाका मारत होती. सोनाजीनं हात राखेतून काढला नाही. निवलं की तो सांगणार होता.